ऐकू न येणाऱ्या बाळालाही भाषा हवी!

“अहो, काळजी कशाला करता? ह्याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता!”

आपल्या चाळींतून, वस्त्यांतून आणि खेड्यापाड्यांतून हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. सांगणारी आजी मायेनेच सांगत असते आणि ऐकणाऱ्या आईला तेवढाच धीर येतो. परंतु या धीरापायी कित्येक मुलांची मोलाची वर्षे हातची गेली आहेत. बाळ बोलत नाही म्हणून वाट पाहायची, चौथ्या वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून दवाखान्यात जायचे, तिथे बाळाला ऐकूच येत नाही असे कळायचे, मग वर्ष-दीड वर्ष नवस, अंगारे आणि झाडपाल्यात घालवायचे. शेवटी सहाव्या-सातव्या वर्षी मूल शाळेच्या दारात उभे राहते, तेव्हा त्याच्यापाशी कोणतीच भाषा नसते. ना बोलण्याची, ना खुणांची.

आज आम्हाला आई-वडिलांना एवढेच सांगायचे आहे की, ऐकू न येण्यापेक्षाही भाषेवाचून बालपण सरणे हे मोठे संकट आहे. ऐकू न येणे कदाचित आपल्या हातात नसेल. पण मुलाला भाषा देणे आपल्या हातात आहे, मग आई धुणीभांडी करणारी असो की बाप नाक्यावर कामासाठी उभा राहणारा असो.

‘मुका’ कोणाला म्हणायचे?

बोलत नाही त्या मुलाला आपल्याकडे सरळ ‘मुका’ म्हणतात. पुढे तेच त्याचे नाव पडते. पण बहुतेक बहिऱ्या मुलांचा गळा, जीभ आणि स्वर अगदी ठणठणीत असतात. मूल ऐकून ऐकून बोलायला शिकते. ज्याच्या कानी शब्दच पडला नाही, ते मूल शब्द कुठून आणणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. आपला समाज काही जन्माने मुका नव्हता. त्याला अक्षरापासून दूर ठेवले होते आणि त्याचे म्हणणे कोणी कानावर घेत नव्हते, म्हणून तो मुका ठरला होता. ज्या समाजाने हे भोगले, त्या समाजाच्या घरात एखादे मूल केवळ भाषा न मिळाल्यामुळे मुके ठरावे, ही गोष्ट आपण कशी चालवून घ्यायची?

भाषा म्हणजे केवळ ‘पाणी दे’, ‘जेवायला वाढ’ एवढेच नव्हे. ‘काल’, ‘उद्या’, ‘का’, ‘जर-तर’ हे सारे भाषेतूनच कळते. घरातली आजी वारली, माणसे जमली, बुद्धवंदना झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आजीची खाट रिकामी झाली. हे सारे बहिऱ्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. पण आजी कुठे गेली, ती परत का येणार नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, कारण सांगायला दोघांपाशी भाषा नसते. मग ते मूल चिडते, आदळआपट करते आणि आपण म्हणतो, ‘मुके असले की रागीटच असतात.’ त्याचा राग स्वभावाचा नसतो, कोंडमाऱ्याचा असतो.

पहिली वर्षे का महत्त्वाची?

जगात दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळे श्रवणदोष घेऊन जन्माला येतात. यातील बहुतेकांचे आई-वडील ऐकू येणारे असतात. त्यामुळे घरात कोणालाच या गोष्टीचा अनुभव नसतो आणि घर गांगरून जाते.

माणसाचा मेंदू भाषा पकडण्यासाठी जन्मापासून तयार असतो. पहिल्या तीन-चार वर्षांत ही ताकद सर्वांत जास्त असते, पुढे ती हळूहळू ओसरते. शेतात वाफसा असताना पेरले तर उगवते. वेळ टळल्यावर तेच बी, तेच रान असूनही पीक हलके येते, तसेच हे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ख्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीडशे मुलांचा अभ्यास करून १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्या बाळांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा चांगली वाढली, असे त्यात दिसून आले. म्हणून जगभरचे तज्ज्ञ ‘एक-तीन-सहा’ हा हिशेब सांगतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू.

आपले मूल चार वर्षांचे झाले असेल तर हे वाचून खचून जाऊ नका. उशीर झाला तरी मेहनत वाया जात नाही. मात्र आता आणखी एक महिनाही दवडू नका.

घरी कसे ओळखावे?

मोठा आवाज झाला तर नवजात बाळ दचकते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवते. वर्षाचे बाळ नावाने हाक मारली की पाहते आणि एखादा शब्द बोलू लागते. दोन वर्षांचे मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडते. यात मागे पडत असेल तर थांबू नका, तपासणी करा.

इथे दोन-तीन गोष्टींनी घरची माणसे फसतात. पहिली गोष्ट, बहिरे बाळही सुरुवातीचे काही महिने हुंकार देते, आवाज काढते. त्यामुळे ‘हे तर बोलतेय’ असे वाटते. दुसरी गोष्ट, आपण ताट वाजवून परीक्षा घेतो. बाळ वळते, पण ते आवाजाने नव्हे, तर हाताची सावली पाहून किंवा जमिनीचा हादरा लागून. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. आपले साधे बोलणे साधारण ६० डेसिबल इतके असते. ज्या मुलाला त्याहून मोठे आवाजच ऐकू येतात, ते जयंतीच्या मिरवणुकीतला ढोल ऐकते, फटाक्याला दचकते. पण आईचे बोलणे त्याला ऐकू येत नाही. म्हणून ‘ढोल ऐकतो म्हणजे कान चांगले आहेत’ हा हिशेब चुकीचा आहे.

खरी तपासणी सोपी आहे. ओएई या तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवतात. काही मिनिटांचे काम असते. शंका आली तर बेरा तपासणी करतात. तीत डोक्याला छोट्या पट्ट्या लावून कानाचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहतात. दोन्हींत सुई नाही, दुखणे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते, तेव्हा मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका. शंका असेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. मुंबई परिसरातील पालकांसाठी वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था वाचा व श्रवण याच विषयाला वाहिलेली आहे.

कान फुटला, पू येतो, ही गोष्टही साधी समजू नये. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाचे ऐकणे कमी होते आणि त्याची भाषा मागे पडते. कानात गरम तेल, लसणाचा रस घालणे बंद करा आणि कानाच्या डॉक्टरांकडे जा.

पूर्वजन्म नव्हे, कारण शोधा

बाळ बहिरे निघाले की पहिला घाव आईवर पडतो. ‘हिनेच ग्रहण पाळले नाही’, ‘हिच्या माहेरचे पाप’, ‘मागच्या जन्मीचे भोग’ असे बोल तिला ऐकावे लागतात. बौद्धाच्या घरात हे बोल शोभत नाहीत. माणसाचे आजचे दुःख म्हणजे मागील जन्मीच्या पापाचे फळ, ही शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हा तर बुद्धाच्या धम्माचा पाया आहे. मग कारणच शोधू या.

काही मुलांत बहिरेपण आनुवंशिक असते. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशा जवळच्या नात्यातील लग्नांत त्याची शक्यता वाढते. गरोदरपणात आईला रुबेला होणे, बाळ फार कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे असणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, काही विशिष्ट औषधे ही इतर कारणे आहेत. यांतील कित्येक टाळता येतात. गोवर-रुबेलाची लस २०१७ पासून देशात टप्प्याटप्प्याने सुरू झाली; ती मुलगा-मुलगी दोघांनाही वेळेवर टोचून घ्या. जिथे कारण सापडत नाही, तिथेही दोष आईचा नसतो.

मशीन लावले म्हणजे काम संपले नाही

श्रवणयंत्र, ज्याला आपण कानाचे मशीन म्हणतो, ते अगदी तान्ह्या बाळालाही लावता येते. परंतु आम्ही असे पाहतो की, मशीन मिळते आणि कपाटात जाते. ‘हरवेल’, ‘मोडेल’, ‘लोक काय म्हणतील’ ही त्याची कारणे. चष्म्याची लाज वाटत नाही, मग मशीनची का वाटावी? बाळ जागे असेल तेवढा सर्व वेळ मशीन कानात हवे. अंघोळीला काढावे, रात्री कोरड्या डबीत ठेवावे, पावसाळ्यात अधिक जपावे. बाळाचा कान वाढतो, त्यामुळे कानातला साचा सैल होऊन मशीन शिटी मारू लागते. तेव्हा साचा बदलून घ्यावा. त्यातील बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर जिवावर बेतते, तेव्हा ती हाताशी ठेवू नका.

मशीन चालते की नाही हे रोज सकाळी पाहण्याची एक सोपी रीत आहे. बाळाच्या मागे बसा आणि साध्या आवाजात ‘आ, ऊ, ई, श, स, म’ हे सहा आवाज एकेक करून काढा. बाळ कोणत्या आवाजाला प्रतिसाद देते ते लक्षात ठेवा. काल ऐकत होते तो आवाज आज ऐकत नसेल, तर बॅटरी किंवा साचा तपासा आणि तरीही फरक पडला नाही तर तज्ज्ञांना दाखवा.

ज्यांना मशीनचा पुरेसा उपयोग होत नाही, अशा काही मुलांवर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करतात. तिचा खर्च लाखांच्या घरात असतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते. मात्र वयाची अट असल्याने लवकर चौकशी करावी. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शस्त्रक्रियेने मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागत नाही. पुढे कित्येक महिने, वर्षे स्पीच थेरपी लागते आणि बाहेरच्या यंत्राची देखभालही करावी लागते. हे सारे आधी विचारून घ्या. कर्ज काढून, दागिने मोडून घाईने निर्णय घेऊ नका आणि इम्प्लांटची वाट पाहत मुलाला भाषेवाचूनही ठेवू नका.

हातांची भाषा हीसुद्धा भाषाच

‘खुणा करू नका, नाहीतर मूल बोलायला शिकणार नाही’, असा सल्ला कित्येक पालकांना मिळतो. या सल्ल्याला जुना इतिहास आहे. १८८० साली इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी असा ठराव झाला. हा ठराव ऐकू येणाऱ्यांनी केला होता. ज्यांच्याविषयी तो होता त्या बधिरांना तिथे जवळपास स्थानच नव्हते. ज्यांचे भवितव्य ठरवायचे त्यांनाच बाहेर ठेवायचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे! पुढे कित्येक शाळांत मुलांना हात हलवण्याबद्दल शिक्षा झाल्या. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला.

आज आपल्याला ठाऊक आहे की, खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण असते आणि मेंदू तिला भाषा म्हणूनच स्वीकारतो. ज्या बहिऱ्या बाळांचे आई-वडील खुणांनी बोलतात, ती बाळे बोबड्या बोलांऐवजी बोबडे हात करतात, असे लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट या संशोधिकांनी १९९१ साली दाखवून दिले. खुणांमुळे बोलणे अडते असे नाही. उलट ज्याच्या डोक्यात एक भाषा पक्की बसली आहे, त्याला दुसरी भाषा आणि पुढे वाचन-लेखन शिकायला पाया मिळतो. म्हणून मशीन की खुणा, असा झगडा घरात मांडू नका. बाळाकडे जाणारे दोन दरवाजे आहेत, कान आणि डोळा. ज्या दरवाजाने भाषा आत जाईल तो उघडा ठेवा; दोन्ही उघडे असतील तर फारच चांगले.

भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली केंद्र सरकारने संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. त्याचा १०,००० शब्दांचा शब्दकोश २०२१ साली पूर्ण झाला आणि २०२२ साली ‘साइन लर्न’ नावाचे मोबाइल अ‍ॅपही निघाले. हिंदी किंवा इंग्रजी शब्द शोधला की खूण करून दाखवणारी चित्रफीत दिसते. ज्या मोबाइलवर रात्री मालिका पाहतो, त्याच मोबाइलवर घरातल्या सर्वांनी रोज पाच खुणा शिकल्या तर वर्षात अठराशे होतील.

आजपासून घरात काय करावे?

बाळाशी बोलणे थांबवू नका. ‘त्याला कुठे ऐकू येते’ म्हणून घर गप्प झाले की बाळ एकटे पडते. बोलताना त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, पाठीमागून येऊ देऊ नका. तोंडात मशेरी किंवा तोंडावर पदर ठेवून बोलू नका. ओरडू नका, स्वच्छ, साधे, पूर्ण वाक्य बोला. टीव्ही बंद करा, कारण मशीन टीव्हीचा आवाजही तेवढाच वाढवते.

बाळ जे पाहत आहे त्याविषयी बोला. भाकरी थापताना पीठ, पाणी, तवा, ‘गरम आहे’, ‘फुगली बघ’, ‘बाबांना दे’ हे सारे शब्द हाताशी असतात. आधी वस्तू दाखवा, मग बाळ तुमच्याकडे पाहील तोवर थांबा, मग बोला किंवा खूण करा. एकाच वेळी ते भाकरीकडे आणि तुमच्या तोंडाकडे पाहू शकत नाही. तुमचे झाले की पुन्हा थांबा आणि त्याला उत्तर देऊ द्या. त्याने केलेला हातवारा, काढलेला आवाज याला उत्तर समजा आणि पुढचे वाक्य जोडा. कुठे बाहेर जायचे असेल तर आधी सांगा, तिथल्या माणसांचे फोटो दाखवा. आलात की ‘आज आपण काय पाहिले’ ते चित्र काढून पुन्हा सांगा. ‘काल’ आणि ‘उद्या’ असेच कळतात.

हे काम एकट्या आईचे नाही. ती चार घरची कामे करून येते, तिच्यावर थेरपीचे ओझेही टाकायचे हा अन्याय आहे. वडिलांनी, आजोबांनी, भावंडांनी वाटा उचलला पाहिजे. आणि मुलगी बहिरी असेल तर ‘तिला शिकवून काय करायचे’ हा विचार मनालाही शिवू देऊ नका. भाषा नसलेली मुलगी आपल्यावर झालेला अत्याचारही सांगू शकत नाही.

हक्क मागून घ्या

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणदोष असलेली व्यक्ती ‘बधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती ‘कमी ऐकू येणारी’ मानली जाते. प्रमाणपत्राची टक्केवारी ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेतून आणि साधनांतून शिकवावे, असेही हा कायदा सांगतो. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. त्यात कमीपणा नाही. हक्क मागून, झगडून घ्यावे लागतात, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

विहारांनी पुढे यावे

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या गरीब देशात १९७७ साली मानाग्वा शहरात विशेष मुलांची शाळा निघाली. तोवर तिथली बहिरी मुले आपापल्या घरात एकटी होती, घरापुरत्या खुणा करीत होती. शाळेत ती एकत्र आली. वर्गात त्यांना स्पॅनिश बोलायला शिकवीत. पण मैदानात आणि बसमध्ये मुलांनी एकमेकांच्या खुणा जुळवून स्वतःची भाषा घडवली. पुढे आलेल्या लहान मुलांनी ती अधिक समृद्ध केली. आज ती निकाराग्वाची सांकेतिक भाषा म्हणून ओळखली जाते. एकट्या मुलाला जे जमले नाही ते मुले संघटित होताच जमले. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीची याहून सुंदर साक्ष कोणती?

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास परिसरातील बहिरी मुले, त्यांची भावंडे आणि आई-वडील एकत्र बसले तर काय होईल? एखाद्या प्रौढ बधिर बंधूला किंवा भगिनीला खुणा शिकवायला सन्मानाने बोलवा. मोठेपणी बहिरी माणसे नोकरी करतात, संसार करतात, हे नव्या आई-वडिलांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. महिला मंडळांनी वस्तीतील सहा महिन्यांच्या आतील बाळांची यादी करून त्यांच्या कानांची तपासणी झाली का, एवढे विचारले तरी मोठे काम होईल.

आपल्या शेजारच्या घरात एखादे मूल हाक मारूनही वळत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून गप्प बसू नका. त्याच्या आईला हा अंक वाचून दाखवा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा. तिची त्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर मंडळाने ती भरून द्यावी. मजुरी उद्याही मिळवता येते. बाळाचे पहिले वर्ष पुन्हा येत नाही.

जयभीम!